नैरोबीतले प्लेन टायगर: दुधाळ झाडं, बदलते रंग आणि न जन्मणारे नर

सावली_नैरोबी

नमस्कार मंडळी.

रुईच्या झुडपाभोवती संथ घिरट्या घालणारं नारिंगी फुलपाखरू तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा, काळ्या छातीवर पांढरे ठिपके. प्लेन टायगर. शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिपस, लिनियसने १७५८ साली दिलेलं. भारतात ते इतकं सवयीचं आहे की कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही. मला त्याचं वेड लागलं ते केनियात आल्यावर. सहाराचा कोरडा गाभा आणि वर्षावनांचा दाट अंतर्भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या आफ्रिकेत ते आहे, आणि नैरोबीच्या आसपास त्याचं जे काही चाललंय ते समजून घ्यायला संशोधकांच्या दोन पिढ्या खपल्या आहेत.

आधी जागेबद्दल. याला मोकळं, उन्हाचं रान लागतं. अथीची मैदानं, कितेंगेलाकडचे माळ, रस्त्याच्या कडा, पडीक शेतं, शहरातले रिकामे प्लॉट. करुरा जंगलात आत गर्द सावलीत ते मला दिसत नाही, कडेच्या गवताळ पट्ट्यात मात्र हमखास दिसतं. कारण सगळं त्याच्या खाण्यात आहे. अळी फक्त रुईच्या कुळातल्या, चीक असलेल्या वनस्पती खाते. केनियाच्या उष्ण, कोरड्या सखल भागात रुईचीच एक जात, कॅलोट्रॉपिस प्रोसेरा, आहे. नैरोबी मात्र सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि इथे काम भागवतं ते गोम्फोकार्पस नावाचं झुडूप. अरुंद लांब पानं, खाली झुकलेले पांढरट फुलांचे गुच्छ, आणि फुग्यासारखं फुगलेलं मऊ काट्यांचं फळ. पान तोडलं की पांढरा चीक. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे जिथे चराई फार झाली आहे तिथे बाकीचा चारा संपतो आणि गोम्फोकार्पस उभा राहतो. माणसाच्या हिशेबी बिघडलेली जमीन या फुलपाखराला चांगलीच मानवते.

मादी एका वेळी एकच अंडं घालते, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग पानाशी तिची जी झटापट सुरू होते ती भिंगातून बघण्यासारखी असते. चीक हे झाडाचं संरक्षण आहे. तो चिकट असतो, हवेत घट्ट होतो, आणि इवल्याशा अळीचं तोंड त्यात अडकलं तर ती मरते. म्हणून लहान अळी आधी पानावर एक गोल खाच पाडते, चिकाच्या नळ्या तुटतात, आतल्या गोलात येणारा चीक थांबतो आणि मग ती तेवढाच गोल खाते. मोठी झालेली अळी थेट मधली शीर कुरतडते. पान तिथून खाली वाकतं, पलीकडच्या भागात चीक पोचत नाही, आणि तो भाग ती निवांत संपवते. वाकलेली पानं दिसली की आसपास अळी शोधायची, हा माझा ठोकताळा आहे.

अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर लांब काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. लपायचा प्रयत्नच करत नाही. चिकातली हृदयावर परिणाम करणारी विषं, म्हणजे कार्डेनोलाइड्स, ती अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. कोष पानाखाली लटकतो, हिरवा किंवा गुलाबीसर, त्यावर सोनेरी ठिपके. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास महिन्याभरात उरकतो. नैरोबीत जुलै-ऑगस्टच्या थंडीत तो बराच लांबतो.

मोठं फुलपाखरू मध पितं. घाणेरी, एकदांडी, झिनिया, जे उघडं आणि उन्हात आहे ते चालतं. पण नरांची आणखी एक गरज आहे, त्याबद्दल कुणाला रस असेल तर खाली लिहीन.

आता रंग. इथे एकाच झुडपावर मला तीन वेगळी दिसणारी प्लेन टायगर मिळतात. एक आपल्याकडचं, काळ्या टोकांचं. दुसरं संपूर्ण नारिंगी, टोकाला काळं-पांढरं काहीच नाही. याला डोरिपस रूप म्हणतात. तिसरं गडद, विटकरी तपकिरी, दक्षिण आफ्रिकेकडे जास्त असणारं ओरिएंटिस. मधल्यामधल्या छटा वेगळ्याच. चौथं रूप पश्चिम आफ्रिकेत आहे, मागचे पंख पांढरे असलेलं, अल्सिपस. ही सगळी एकच जाती. प्रत्येक रूपाचा आपापला प्रदेश आहे आणि ते प्रदेश पूर्व आफ्रिकेत, साधारण केनिया-युगांडा-रवांडाच्या पट्ट्यात, एकमेकांना भिडतात. नैरोबी त्या सीमेवर आहे.

आणि याच सीमेवर माद्यांना मुलगे होत नाहीत. सगळ्या माद्यांना नाही, पण खूप जणींना. त्यांच्या अंड्यांतून फक्त मुली जगतात.

तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा. वेगवेगळ्या देशांतले लोक इथे आहेत, तर नोंदी एकत्र करू या.

टिटवी

किती सुंदर लिहिलंय सावलीताई! फोटो टाका ना.

आमच्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ असते. देवळाबाहेर बसणाऱ्या आजींच्या टोपलीत एकदा पट्ट्यापट्ट्यांची अळी निघाली होती, त्यांनी ती अलगद पानासकट बाजूला ठेवली. "ही रुईचीच पोर," म्हणाल्या. आज कळलं ती कोण होती.

प्रश्न: ते पूर्ण नारिंगी रूप भारतात अजिबात नाही का?

कातळसडा

टिटवी, आहे, पण दुर्मीळ. भारताच्या पश्चिम भागातून डोरिपसच्या तुरळक नोंदी आहेत. म्हणून माझी सगळ्यांना विनंती, प्लेन टायगर दिसलं की "नेहमीचंच आहे" म्हणून पुढे जाऊ नका, पुढच्या पंखाचं टोक नीट बघा.

अळीच्या झाडांची आपल्याकडची यादी देतो, म्हणजे आफ्रिकेशी ताडून बघता येईल. रुई अर्थातच पहिली. मग कुंपणावर चढणारी उतरण, जिच्या फळांवर मऊ काटे असतात. ही वेल आफ्रिकेतही आहे आणि तिथेही हीच अळी तिच्यावर असते. बागेतलं हळदीकुंकू, लाल-पिवळ्या फुलांचं, हे मूळ अमेरिकेचं, पण मादीला त्यातला फरक पडत नाही. सड्यावर मला खर्पुडीच्या काही जातींवरही अळ्या मिळाल्या आहेत. आफ्रिकेत स्टापेलियासारख्या मांसल, निवडुंगासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींवरही ती वाढते. बाहेरून एकमेकांशी काही साम्य नसलेली ही झाडं एकाच कुळातली आहेत हे मादीला पायांनी पानाला स्पर्श करून कळतं. पायांवरची चव घेणारी इंद्रियं पानाची रसायनं ओळखतात.

वाळूघड्याळ

मी मस्कतला. इथे वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, प्रोसेरा रुई भरपूर. पाऊस नसतानाही हिरवीगार असते. उंट शेजारून जातात पण खात नाहीत. मला इथे दोन्ही रूपं दिसली आहेत, काळ्या टोकाचं आणि साधं नारिंगी. मी आजवर दुसऱ्याला वेगळी जात समजून फोटोंचा वेगळा फोल्डर केला होता. आता एकत्र करतो.

अंबोलीकर_अक्रा

घानातून रामराम. सावलीताई, तुम्ही म्हणता ते पांढऱ्या मागच्या पंखांचं आमच्या अंगणात रोजचं आहे. उडताना पांढरा झोत दिसतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला प्लेन टायगर वाटतच नाही. बसलं की छातीवरचे ठिपके ओळख देतात.

इथे एक गोष्ट बघितली. दुपारी वाळलेल्या भुरुंडीच्या झुडपावर फुलपाखरं दाटीवाटीने बसतात. फुलं नाहीत, ओलावा नाही, काहीच नाही. तरी सोंड खुपसून बसलेली. हीच का ती नरांची गरज?

सावली_नैरोबी

अगदी तीच! तुम्ही पाहिलंत याचा फार आनंद झाला.

भुरुंडी, म्हणजे हेलिओट्रोपियम, आणि खुळखुळ्याच्या जाती यांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स नावाची रसायनं असतात. नर वाळलेल्या किंवा जखमी झालेल्या फांद्यांवर सोंडेतून द्रव सोडतात, रसायन त्यात विरघळतं, मग ते परत शोषून घेतात. जर्मन संशोधक मिखाएल बोप्रे यांनी केनियात यावर बरंच काम केलं. झाड ताजं असेल तर फुलपाखरं पायांच्या नख्यांनी पान खरवडतात आणि जखमेतून येणारा रस पितात हेही त्यांनी १९८३ साली मांडलं.

हे पोटासाठी नाही. या अल्कलॉइड्सपासून नराच्या शरीरात डॅनायडोन नावाचा गंध तयार होतो. पोटाच्या टोकाशी लपलेले केसांचे दोन कुंचले असतात, ते तो मादीसमोर फुलवतो आणि गंध पसरवतो. मागच्या पंखावर जो एक जास्तीचा काळा ठिपका नराला असतो ती या गंधव्यवस्थेतलीच एक पिशवी आहे, आणि तुम्हाला नर-मादी ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे. ज्या नराला ही झाडं मिळाली नाहीत तो गंधाविना राहतो आणि माद्या त्याला सहसा स्वीकारत नाहीत. शिवाय हे अल्कलॉइड स्वतःही कडू आणि विषारी असल्याने भक्ष्यकांविरुद्ध आणखी एक ढाल मिळते.

म्हणून राहण्याच्या जागेचा विचार करताना अळीचं झाड आणि मधाची फुलं एवढं पुरत नाही. नरांसाठी भुरुंडी-खुळखुळाही लागतो. शहरातल्या "फुलपाखरू उद्यानां"मध्ये पहिल्या दोन गोष्टी लावतात आणि तिसरी तण म्हणून उपटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवंती_पी

मला नरांच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. मुलगे का मरतात? आणि नर नाहीत तर पुढची पिढी येते कुठून? रात्रभर डोक्यात तेच.

सावली_नैरोबी

शेवंतीताई, जरा लांब लिहिते, कारण हेच मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

पूर्व आफ्रिकेत फक्त मुली देणाऱ्या माद्या आहेत हे डेव्हिड स्मिथ यांनी १९७५ साली लिहिलं. त्यांनी माद्या आणून अंडी घेतली, अळ्या वाढवल्या, आणि काही माद्यांची निम्मी अंडी उबतच नाहीत, उरलेल्या साऱ्या मुली, असं दिसलं. कारण २००० साली सापडलं: स्पायरोप्लाझ्मा नावाचा जिवाणू. तो आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूतून जाऊ शकत नाही. म्हणजे मुलगा त्याच्यासाठी बंद रस्ता आहे, आणि मुलगे तो अंड्यातच किंवा अंड्यातून बाहेर पडता पडता मारून टाकतो.

आता रंगांचा याच्याशी संबंध. फुलपाखरांत माणसाच्या उलटी रीत आहे. नरात दोन झेड गुणसूत्रं, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. डब्ल्यू आईकडून फक्त मुलीला मिळतं. नैरोबी भागातल्या जिवाणू असलेल्या माद्यांमध्ये एक विलक्षण बदल झालेला आहे: पंखांचा रंग ठरवणारी महत्त्वाची जनुकं ज्या १५व्या गुणसूत्रावर आहेत ते डब्ल्यूला जोडलं गेलं आहे. त्यामुळे जिवाणू, डब्ल्यू आणि १५व्या गुणसूत्राची ती एक प्रत हे तिघं एकत्र, आईकडून मुलीकडे, पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. सायमन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली पूर्ण जनुकसंच वाचून हे दाखवलं. त्यांच्या हिशेबाने या एका वंशाचा सगळा प्रसार गेल्या दोनेक हजार वर्षांतला आहे.

याचा परिणाम बघा. अशी मादी डोरिपस नराशी जुळली. मुलीला १५व्या गुणसूत्राची एक प्रत आईकडून मिळाली, जोडलेली, आणि दुसरी वडिलांकडून. डोरिपसचा गुण प्रभावी असल्याने मुलगी वडिलांसारखी पूर्ण नारिंगी दिसते. पण ती वडिलांची प्रत पुढे देऊच शकत नाही, कारण तिच्या मुलींना जोडलेली प्रत मिळते आणि वडिलांची प्रत ज्यांना मिळाली असती ते मुलगे मरतात. म्हणजे दर पिढीत मुलगी वडिलांचा रंग घेते आणि तो तिच्याबरोबरच संपतो. पुढच्या पिढीचा रंग पुढचा नर कोण येतो त्यावर.

आणि नर येतात बाहेरून. ही फुलपाखरं पावसाच्या पट्ट्यामागे सरकतात. मार्च ते मेचा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा, या काळात दुसऱ्या प्रदेशांतून नवे येतात. म्हणून नैरोबीत वर्षभरात रूपांचं प्रमाण बदलत राहतं. माझ्या साध्या वहीतल्या नोंदींतही ते दिसतं.

शेवंती_पी

म्हणजे इथल्या माद्या परक्या वाटसरूंवर टिकून आहेत. अंगावर काटा आला वाचून. धन्यवाद ताई, आता दोनदा वाचते.

गवतफुला

नरहत्येची ही गोष्ट एकट्या प्लेन टायगरची नाही. आफ्रिकेतच ॲक्रिया एन्सेडॉन नावाचं लहान नारिंगी फुलपाखरू आहे. युगांडात १९६०च्या दशकात डेनिस ओवेन यांना त्याच्या जवळजवळ संपूर्ण मादी असलेल्या वस्त्या आढळल्या होत्या. तिथे जिवाणू वेगळा, वोल्बाकिया.

आणि आपल्याकडेही असणारं ग्रेट एगफ्लाय. सामोआ बेटांवर २००१ साली त्याच्यात नर फक्त एक टक्का उरले होते. २००६पर्यंत ते सुमारे ४० टक्क्यांवर आले. जिवाणू गेला नव्हता, फुलपाखरांमध्ये त्याला निष्प्रभ करणारं जनुक पसरलं होतं. अवघ्या पाच वर्षांत! उत्क्रांती इतकी वेगाने डोळ्यांसमोर घडल्याची उदाहरणं थोडी आहेत.

नैरोबीच्या माद्यांमध्ये असा प्रतिकार आला तर ही रंगांची व्यवस्थाच बदलेल. सावली, तुमच्या वहीतल्या नोंदी जपून ठेवा. वीस वर्षांनी कुणाला तरी त्यांची गरज लागेल.

पिंपळपान

धागा छान चाललाय. नकलाकारांचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून मी काढतो.

डॅनेड एगफ्लाय (हायपोलिम्नस मिसिपस) या फुलपाखराची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल आहे. ती स्वतः विषारी नाही. पक्षी प्लेन टायगर समजून तिला सोडतात. नर पूर्ण वेगळा, काळा, त्यावर जांभळी झळाळी असलेले पांढरे गोल. भारतात ही मादी बहुतेक वेळा काळ्या टोकांची असते. आफ्रिकेत तिचंही टोक नसलेलं एक रूप आहे, डोरिपसची नक्कल करणारं, आणि मागचे पंख पांढरे असलेलं रूपही आहे, अल्सिपसच्या धर्तीवर.

हिची अळी घोळाच्या भाजीवर वाढते. भाजीच्या वाफ्यात घोळ उगवली तर सगळी उपटू नका, कोपऱ्यात थोडी राहू द्या.

नकलाकारांत आफ्रिकेचं मॉकर स्वॅलोटेल, पॅपिलिओ डार्डानस, हेही येतं. त्याचा नर फिकट पिवळा, शेपट्यांचा. माद्या मात्र वेगवेगळ्या विषारी फुलपाखरांच्या नकला करतात, आणि त्यातलं ट्रोफोनियस नावाचं रूप प्लेन टायगरचं आहे. मादागास्करमध्ये याच जातीच्या माद्या नरासारख्याच पिवळ्या, शेपटीच्या असतात. तिथे नकलेची भानगडच नाही.

कातळसडा

पिंपळपान, उत्तम. ओळखीची एक खूण जोडतो, कारण मैदानात गोंधळ होतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध लहान काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीला ते तसे नसतात, पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा डाग असतो. उडण्याची ढबही बघा. प्लेन टायगरला घाई नसते. पकडलं तर अंग सैल सोडून मेल्यासारखं पडून राहतं, कातडं चिवट असतं, पक्ष्याने चोच मारून सोडलं तरी उडून जातं. चोचीच्या आकाराचे तुकडे गेलेले पंख घेऊन मजेत फिरणारी कितीतरी पाहिली आहेत.

नदीकाठ

एक शंका. सगळीच प्लेन टायगर विषारी असतात का? मी वाचलं होतं की काही बेचव नसतातच.

कातळसडा

शंका योग्य आहे. विष झाडातून येतं, आणि रुईच्या कुळातल्या सगळ्या झाडांत ते सारखं नसतं. रुई, गोम्फोकार्पस, हळदीकुंकू यांत भरपूर. काही वेलींमध्ये फार कमी. कमी विषाच्या झाडावर वाढलेलं फुलपाखरू पक्ष्याला चालून जाऊ शकतं, पण दिसतं इतरांसारखंच, त्यामुळे वाचतं. म्हणजे ते आपल्याच जातीतल्या विषारी भावंडांची नक्कल करत असतं. लिंकन ब्राउअर यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत मोनार्क फुलपाखरं आणि ब्लू जे पक्षी घेऊन हे दाखवलं. विषारी मोनार्क खाल्लेल्या पक्ष्याने ओकारी काढली आणि नंतर मोनार्ककडे पाहिलंही नाही. मोनार्क प्लेन टायगरच्याच वंशातलं, डॅनॉस प्लेक्सिपस.

विष सगळ्या शत्रूंवर चालतं असंही नाही. टॅकिनिड माश्या अळीवर अंडी घालतात, त्यांच्या अळ्या आतून खातात. कोषापर्यंत सगळं ठीक वाटतं आणि मग कोष काळवंडतो. अळ्या घरी वाढवणाऱ्यांनी हे मनात धरून ठेवावं, म्हणजे धक्का बसत नाही.

जुनीवही

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक भर. इजिप्तमधल्या थीब्ज इथल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधारण इसवी सन पूर्व १३५०चं. नेबामून पाणथळीत पक्ष्यांची शिकार करतोय, आणि पपायरसच्या झुडपांवर फुलपाखरं उडताहेत. नारिंगी पंख, काळी टोकं, पांढरे ठिपके. अभ्यासक ती प्लेन टायगर असल्याचं सांगतात. चित्रकाराने छातीवरचे ठिपकेसुद्धा सोडलेले नाहीत. लंडनला असाल तर त्या चित्रासमोर नक्की उभे राहा.

वाळूघड्याळ

वा! हे माहीत नव्हतं.

माझा एक प्रश्न राहिलाय. ही फुलपाखरं वाऱ्याबरोबर सरकतात म्हणताय, तर आफ्रिकेतून समुद्रावरून थेट कोकणात येत असतील का? चातक येतोच की.

गवतफुला

प्लेन टायगर आफ्रिकेतून समुद्रावरून थेट इकडे येतं असं मानायला आधार नाही. अरबस्तानातून जमिनीच्या कडेकडेने सलग वस्ती आहे, तुम्ही मस्कतला जी बघता तीच. डोरिपस पश्चिम भारतापर्यंत पोचतं ते बहुधा त्याच वाटेने.

समुद्र ओलांडणारा कीटक हवा असेल तर तो चतुर आहे, पँटाला फ्लाव्हेसेन्स, पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे मैदानांवर थव्यांनी दिसणारा पिवळसर. चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ साली मांडलं की ते ऑक्टोबरपासून भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेत जातात, वाऱ्यांच्या आधाराने. मालदीवमध्ये त्यांना वाढायला गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दरवर्षी लाखोंनी येतात, हेच त्यांना आधी खटकलं होतं. म्हणजे सावलीताईंच्या अंगणात डिसेंबरात दिसणारा चतुर कदाचित आपल्याकडचा असू शकतो.

टिटवी

हे वाचून माझ्या सोसायटीवरचा राग पुन्हा उसळला. कुंपणाबाहेरच्या रुईवर निदान डझनभर अळ्या होत्या. साफसफाईच्या नावाखाली सगळं छाटून जाळलं. विचारलं तर उत्तर, "जंगल वाढलं होतं." आता मला बाल्कनीत काहीतरी लावायचं आहे. रुई कुंडीत जगेल का? आणि बियाणं कुठलं?

सावली_नैरोबी

टिटवी, वाचून खूप वाईट वाटलं. जाळण्याआधी पानं बाजूला ठेवली असती तरी अळ्या वाचल्या असत्या.

इथला एक अनुभव सांगते, त्याने बरं वाटेल. किनाऱ्याजवळ गेडे इथे, अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेला, किपेपेओ नावाचा प्रकल्प १९९३ साली इयन गॉर्डन यांनी सुरू केला. हेच गॉर्डन नैरोबीच्या प्लेन टायगरवरच्या संशोधनातही आहेत. जंगलालगतचे शेतकरी फुलपाखरांच्या अळ्या वाढवतात आणि कोष परदेशातल्या फुलपाखरू-घरांना विकले जातात. अळीला पान हवं, पानाला जंगल हवं, म्हणून ज्या लोकांना जंगल तोडून शेत हवं होतं त्यांनाच ते राखण्यात पैसे दिसू लागले. तुमच्या सोसायटीत कोष विकायची गरज नाही. पण मुलांना एकदा कोषातून फुलपाखरू निघताना दाखवा. त्यानंतर ते झुडूप छाटायला सांगणं मोठ्यांना जड जातं, हे मी इथल्या आमच्या कंपाउंडमध्ये बघितलंय.

कातळसडा

कुंडीबद्दल मी सांगतो. रुईचं मूळ खोल जातं, कुंडीत ती कशीबशी राहते. बाल्कनीसाठी हळदीकुंकू बरं, बियांपासून पटकन येतं आणि वर्षभर फुलतं, म्हणजे अळीला पान आणि फुलपाखराला मध दोन्ही मिळतं. किमान चार-पाच झाडं लावा, एका अळीला शेवटच्या टप्प्यात भरपूर पान लागतं आणि एकच झाड दोन दिवसांत काड्यांवर येतं. नर्सरीतून रोप आणलंत तर त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, म्हणून पहिली पानं जाऊ द्या, नवी पालवी आल्यावरच अळ्या येऊ द्या. मोकळी जागा असेल तर उतरण कुंपणावर सोडा. भुरुंडीची एक कुंडी बाजूला ठेवा आणि ती वाळली तरी उपटू नका.

चिकाची काळजी घ्या. हातमोजे वापरा, पान तोडल्यावर डोळ्यांना हात लावू नका, लहान मुलांच्या हातात तर हे झाड देऊच नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

बी मार्च-एप्रिलमध्ये फुटलेल्या बोंडांतून मिळेल. माझ्याकडे हळदीकुंकवाचं बरंच आहे, टिटवी, इथल्या निरोपातून पत्ता कळवा, पाकीट पाठवतो.

अंबोलीकर_अक्रा

मलाही भुरुंडीवरच्या गर्दीचे फोटो टाकायचे आहेत, या आठवड्यात टाकतो. नर किती, माद्या किती ते मागच्या पंखावरचे ठिपके बघून मोजतो. सावलीताई, तुम्हीही नैरोबीतल्या भुरुंडीवर मोजा, मग दोन्हीकडचं शेजारी-शेजारी ठेवून बघू.